ठोक आली की मागं घ्या

एका गावात एक भोळा घरजावई होता. गावात गॅरेजं दोन होती आणि घाटाची खिंड एक. जावयाचं नाव रावजी. पहिलं गॅरेज त्याच्या सासूचं, कोंडाबाईचं. दुसरं हिंदुराव मिस्त्रीचं.

कोंडाबाईनं एक जुनी छोटी मोटार घेतली. इंजिन उघडलं. हेड घासून आणलं. नवे पिस्टन घातले. गाव हसलं. बाईला इंजिनातलं काय कळतं, असं म्हणणारे प्रत्येक गावात असतात. ते पेरावे लागत नाहीत, आपसूक उगवतात.

हिंदुरावनं चावडीवर मिशीला पीळ दिला. म्हणाला, “रंगपंचमीच्या शर्यतीत ही गाडी खिंड चढली, तर मिशी उतरवीन. नाही चढली, तर बाईनं पाना खाली ठेवायचा.”

“वस्तरा धार लावून ठेव,” कोंडाबाई म्हणाली.

आता एकच काम उरलं होतं, टायमिंग. बाई गाडीखाली होती. तिथूनच ओरडली, “जावईबापू, टायमिंग दहा पुढं घ्या!”

रावजी घरात गेला. परत आला.

“घेतलं, सासूबाई. भिंतीवरचं दहा मिनिटं पुढं घेतलं. तुमच्या मनगटावरचंही द्या.”

बाई गाडीखालून बाहेर आली. जावई माणूस, शिवी देता येत नाही. ती गिळून म्हणाली, “अहो, घड्याळाचं नव्हे, ठिणगीचं! ठिणगी वेळेच्या जरा आधी पडावी लागते. तरच जोर मिळतो.”

“असं होय! आता ध्यानात ठेवतो.”

ठेवलं. दुसऱ्या दिवशी होळी होती. पाटलांनी सूर्य मावळल्यावर पेटवायची, असा मान. रावजीनं भर दुपारी तीनला काडी लावली. घरोघरी पुरण अजून चुलीवर, आणि होळीची राख झालेली.

“अरे, कोणी पेटवली?” पाटील ओरडले.

“मी,” रावजी म्हणाला. “ठिणगी वेळेच्या आधी पडली की जोर मिळतो.”

मिळाला. सगळ्या गावाचा मिळाला.

पाठ शेकत रावजी म्हणाला, “सासूबाई, आधी पाडली ठिणगी, तर ठोक बसली हो!”

“बसणारच! फार आधी पडली की इंजिनही ठोकतं. ठोक ठोक ऐकू आलं की लगेच मागं घ्यायचं असतं.”

“असं होय! आता ध्यानात ठेवतो.”

तिसऱ्या दिवशी गुरवकाका जेवायला आले. शर्यतीचे पंच तेच. रावजी वाढायला. काकांनी पहिला घास उचलला आणि शेजारच्या लोहारानं घण घातला. ठोक! रावजीनं ताट मागं घेतलं. काका सरकले. ठोक! ताट आणखी मागं. काका आणखी पुढं. चौथ्या ठोक्याला ताट पलंगाखाली होतं आणि काकांचे पाय तेवढे बाहेर होते.

“कोंडाबाई!” पलंगाखालून आवाज आला. “जेवायला बोलावलंय की रांगायला?”

बाईनं कपाळावर हात मारला. “ताट कशाला मागं घेताय? गाडीचं, जावईबापू! ठोक आली की गाडीचं मागं घ्यायचं!”

“असं होय! गाडीचं. आता ध्यानात ठेवतो.”

मग बाईनं जावयाचा नाद सोडला. ठिणगीची वेळ ठरवणारी डिस्ट्रिब्युटरची डबी स्वतःच्या हातानं केसभर फिरवली, गाडी चढावर पळवली, कान लावला, डबी पुन्हा केसभर उलटी फिरवली. इंजिन असं गाऊ लागलं की म्हशी रवंथ थांबवून ऐकायच्या.

रंगपंचमी आली. सहा गाड्या. वाट एका गाडीपुरती. नेम असा, की खिंडीच्या माथ्यावर पोचायचं आणि देवापुढच्या दगडावर नारळ फोडायचा. फुटेल तेव्हा गाडी माथ्यावर पाहिजे. बाई चाकावर, रावजी शेजारी नारळ घेऊन. पहिल्या वळणापासून बाईची गाडी पुढं ती पुढंच. मागं हिंदुराव धूर खात. माथा आला! बाईनं हँडब्रेक ओढला, नारळ हिसकावला, इंजिन चालू ठेवूनच देवाकडं धावली.

दगडावर नारळ आपटला. ठोक!

फुटला नाही. टणक होता.

ठोक!

रावजी दचकला. त्याला सगळं आठवलं. तो बाईच्या जागी सरकला, हँडब्रेक सोडला आणि गाडी मागं घेतली.

मागं हिंदुराव होता. त्यालाही मागं जावं लागलं. त्याच्या मागच्यांनाही. सहाच्या सहा गाड्या हॉर्न वाजवत खिंड उलटी उतरल्या.

तिसऱ्या ठोक्याला नारळ फुटला. माथ्यावर बाई होती, देव होता आणि गुरवकाका होते. गाडी एकही नव्हती.

बाई नारळाची कवड घेऊन पायी खाली आली. पायथ्याशी हिंदुराव मिशी कुरवाळत उभा. “काय बाई, गाडी तर इथंच आहे. चढली कधी?”

बाई काही बोलायच्या आत रावजीनं खिडकीतून डोकं काढलं. तोंड आनंदानं फुललेलं.

“सासूबाई, पार पायथ्यापर्यंत मागं घेतलं बघा. आता ठोक अजिबात ऐकू येत नाही!”