ताठ्यांची पेटी

माडवेळ नावाचं खाडीकाठचं एक गाव होतं. त्या गावाच्या टोकाला काही सुतार राहायचे, आणि ते सगळे मेलेले होते.

दचकू नका, सांगतो. गलबतं बांधायला ते चीन देशातून आले होते. पटकीच्या साथीत एकामागून एक गेले. त्यांच्या देशाचं जहाज येईल आणि त्यांना घेऊन जाईल, म्हणून गावानं त्यांची प्रेतं लाकडी पेट्यांत घालून जुन्या वखारीत ठेवून दिली. जहाज काही आलं नाही. परक्या मुलखात मेलेल्याला झोप कुठली लागायला? दिवस मावळला की वखारीत पेट्यांची झाकणं आतून सरकायची. पांढरेफटक चेहरे, वाढलेली नखं, हात समोर ताठ. गुडघे वाकायचे नाहीत, म्हणून दोन्ही पाय जुळवून उड्या मारत चालायचे. भूक एकच, रक्ताची. गावानं त्यांना नाव ठेवलं होतं, ताठे.

आपल्याकडे चार माणसं जमली की मंडळ निघतं. ही खोड मेल्यावरही जात नाही बघा. ताठ्यांनीही मंडळ काढलं आणि क्वोक नावाच्या जुन्या मिस्त्रीला मुख्य केलं. मंडळाचं ध्येय साधं होतं. जहाज येईपर्यंत नीट राहायचं, मग सगळ्यांनी मिळून घरी जायचं आणि आपल्या मातीत शांत निजायचं. क्वोकची बायको सूलान तिकडे मायदेशी कधीच वारली होती. मरताना तिनं आपल्या कबरीशेजारी त्याच्यापुरती जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. त्या जागेसाठी क्वोकचा जीव तुटायचा. जीव नव्हता, तरी तुटायचा.

नियम क्वोकनंच घातले. हाक मारल्याशिवाय कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि ज्यानं हाक मारली त्याला दात लावायचा नाही, मरेस्तोवर भूक लागली तरी नाही.

"बोलावणाऱ्याचं रक्त पोटात गेलं की तुम्ही त्याच्या मातीचे झालात," तो बजावायचा. "मग पेटी जागची हलायची नाही."

हे खरं होतं, की इतरांना धाक बसावा म्हणून त्यानं रचलं होतं, ते आता त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

ताठे खाटकाच्या आवारात सांडलेल्या बकऱ्याच्या रक्तावर भागवायचे. त्याबदल्यात गावाच्या फुटक्या होड्या सकाळी दुरुस्त झालेल्या दिसायच्या. गाव समजून होतं, पण तोंडातून कुणी अवाक्षर काढत नव्हतं. तिन्हीसांजेला मात्र सगळी दारं लागायची.

एक दार तेवढं उघडं असायचं. ते शेवंताबायचं. ती एकटी बाई काथ्याचे दोर वळून पोट भरायची. दिव्याचं तेल वाचवायला उजेड आहे तोवर दारातच जेवायला बसायची. वाटेनं कुणीही गेलं की म्हणायची, "या जेवायला."

पहिल्यांदा तिनं ताठ्यांना हाक मारली तेव्हा शेजारीण तिच्यावर ओरडली, "अगो, ती माणसं नव्हत!"

"नसूंदेत," शेवंताबाय म्हणाली. "माझ्या दारावरून कुणी उपाशी जायला नको."

क्वोक थबकला. ताठ मानेनं म्हणाला, "चालू द्या, बाय." एवढे शब्द तो गावात शिकला होता. पुढे रोजचंच झालं. ती म्हणायची, या जेवायला. तो म्हणायचा, चालू द्या. आत कधी गेला नाही.

एकदा शेवंताबायचं बोट विळीवर कापलं. रक्ताचा वास सुटला, आणि सेंग नावाच्या म्हाताऱ्या सुतारानं दाराशी नुसती जीभ बाहेर काढली. नुसती जीभ! क्वोकनं त्याला अख्खा पावसाळा खाडीच्या चिखलात उभं केलं. खेकड्यांनी त्याच्या पायाची बोटं कुरतडली. सेंगनं शिक्षा पुरी भोगली, कारण नियम नियमच होता.

आणि मग एका संध्याकाळी जहाज आलं.

वखारीत नुसता कल्ला उडाला. पहाटेच्या भरतीला पेट्या चढवायच्या होत्या. शेवंताबायनं वळून ठेवलेले दोर आपणहून दिले, नवेकोरे, मनगटाएवढे जाड. क्वोकनं सगळ्यांना लवकर पेटीत निजायला लावलं आणि स्वतः तिचा निरोप घ्यायला गेला. खरंच, निरोपच घ्यायला गेला होता हो. पाप त्याच्या मनात नव्हतं.

शेवंताबाय कुळथाचं पिठलं आणि भात घेऊन दारात बसली होती. "दादा, उद्या चाललात ना? आज तरी चालू द्या म्हणू नका. या, आत या."

क्वोकनं उडी मारून उंबरा ओलांडला. ती त्याच्यासाठी पान घ्यायला वळली. मानेवरचा पदर सरकला.

किती वर्षं बकऱ्याचं थंड रक्त चाटलं होतं त्यानं! आणि समोर ती ऊबदार शीर, हळूहळू उडणारी. क्वोकच्या मनात आलं, नियम गावात राहण्यापुरता होता. उद्या गावच सुटणार. आता कोण बघतंय, आणि बघितलं तरी कोण काय करणार?

शेवंताबाय ओरडलीही नाही. "दादा," एवढंच म्हणाली.

क्वोकनं तोंड पुसलं. सांडलेला भात गोळा केला, ताट सरळ ठेवलं, जाताना दार ओढून घेतलं. वखारीत येऊन तो पेटीत आडवा झाला आणि सूलानच्या शेजारची जागा आठवत पडून राहिला.

पहाटे भरती आली. खलाशांनी दोर बांधले. एकेक पेटी कापसाच्या गाठोड्यासारखी वर गेली. सेंगची गेली, सगळ्यांची गेली. क्वोकची पेटी मात्र जागची हलेना. आणखी खलाशी लावले. आरडाओरडा झाला, हातांना फोड आले. शेवटी तो मनगटाएवढा नवा दोर ताडकन तुटला.

वरच्या पेट्यांतून सेंगचा घोगरा आवाज आला.

"क्वोकदादा, काल संध्याकाळी जेवलात कुणाकडे?"

खालच्या पेटीतून नखांनी लाकूड ओरबाडल्याचा आवाज तेवढा येत राहिला. ओहोटी लागायच्या आत निघणं भाग होतं. जहाज गेलं.

उजाडल्यावर गावाला शेवंताबाय सापडली. बायका ऊर बडवून रडल्या. गावानं तिला पोचवलं आणि तिच्या घराला कडी घातली. त्याच दिवशी वखारीलाही बाहेरून अडसर घातला.

पण तिन्हीसांजेला शेवंताबायच्या घराची कडी आपोआप निघाली. वखारीचा अडसरही गळून पडला. तिच्या घरातल्या अंधारातून तोच जुना, गोड आवाज आला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच तर भयंकर होतं.

"दादा, या जेवायला."

चालू द्या म्हणायला क्वोकनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. पाय आपोआप जुळले आणि उड्या मारत त्याला तिच्या दाराशी घेऊन गेले. आत कुणी नव्हतं. एक पान मांडलेलं होतं, रिकामं. त्याच्यासमोर तो उजाडेपर्यंत ताठ उभा राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हाक आली. तिसऱ्याही. अजून येते म्हणतात. तिकडे सूलानच्या कबरीशेजारच्या मोकळ्या जागेत गुडघाभर गवत वाढलं आहे.

तात्पर्य: आता आपलं कुणी काही बिघडवू शकत नाही असं वाटतं, त्या शेवटच्या दिवशीच माणसाच्या वागणुकीची खरी परीक्षा असते, आणि ज्यानं आपल्याला विश्वासानं घरात घेतलं, त्याचा घात करणाऱ्याला स्वतःचं घर उरत नाही.