पहिल्या ओळीतला पत्ता

संगणकांना पोट सुटलेले पडदे असायचे, तेव्हाची गोष्ट. एक छोटी स्क्रिप्ट होती, म्हणजे संगणकासाठी लिहिलेली सूचनांची यादी. तिचं बोलणं संगणकाला समजावणाऱ्या दुभाष्याचा पत्ता तिच्या पहिल्याच ओळीत होता. वृंदाताईंनी तिला नव्या संगणकात आणलं. दुभाष्या मात्र जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेला.

तिला चालवायला वृंदाताई पडद्यावरच्या काळ्या खिडकीत तिचं नाव टाइप करायच्या. ती जुन्या पत्त्यावर हाक मारायची. ओ द्यायला कुणी नसायचं.

शेजारी नवा दुभाष्या राहायचा. तो म्हणाला, "अगं, मलाही तुझी भाषा येते. मला हाक मार की!"

"आजवर त्यालाच मारत आले," स्क्रिप्ट म्हणाली. "दुसरी हाक मला येतच नाही."

एक दिवस वृंदाताई वैतागल्या. "आता शेवटचं. नाही चालली तर पुसूनच टाकते हिला!" या वेळी त्यांनी आधी नव्या दुभाष्याचं नाव लिहिलं आणि मग तिचं. त्यामुळे तिला कुणाला हाक मारावीच लागली नाही; त्यानंच तिला दुसऱ्या ओळीपासून वाचायला घेतलं. ती झरझर चालली.

काम संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "पहिली ओळ का सोडलीस?"

"दुसऱ्याच्या नावाचं पत्र मी वाचत नाही," तो म्हणाला. "राहू दे ते तुझ्यापाशी."