सहा मानांची बंदूक

"मी शंभर मोजतो. तेवढ्यात ही बंदूक भर आणि भिंतीवर ठेवलेले मडके फोड. पण बंदुकीवरचे काहीही तू काढायचे नाहीस! जमले, तर खिंडीतल्या वीरांच्या दगडावर तुझ्या भावाचे नाव कोरू. नाही जमले, तर तो आळशी शिपाई म्हणूनच मेला!"

भैरवगडच्या राजाने भर दरबारात असे सांगितले, आणि सुभानाचे डोके फिरले. त्याचा थोरला भाऊ रायबा जाऊन अकराच दिवस झाले होते. खिंडीत पेंढारी आले, तेव्हा रायबा एकटा पहाऱ्यावर होता. भाला थेट छातीत बसला. शेजारी बंदूक सापडली, ती रिकामीच. दरबाराने लगेच निवाडा केला: बंदूक उत्तम, शिपाई आळशी!

"उत्तम?" सुभाना ओरडला. "महाराज, ही बंदूक आहे की लग्नातले रुखवत?"

दरबार हादरला. पण पोराचे म्हणणे खोटे नव्हते. भैरवगडात दर खंडेनवमीला शस्त्रांची पूजा व्हायची, आणि त्या दिवशी एकेका मानकऱ्याला प्रत्येक बंदुकीवर आपली एक वस्तू चढवायचा मान मिळायचा. पहारेकरी झोपू नये म्हणून कोतवालाने घंटा बांधली. दारू भिजू नये म्हणून सेनापतीने छत्री लावली. शिपायाला जांभई येऊ नये म्हणून दिवाणाने पितळी पानदान अडकवले. मुहूर्त पाहूनच गोळी सुटावी म्हणून ज्योतिष्याने दस्त्याला पंचांग टांगले. खजिनदाराने दारू ठेवायच्या शिंगालाच कुलूप घातले. किल्ली हवी त्याने अर्ज करायचा! आणि नळीच्या तोंडावर खुद्द राजाची मखमली गवसणी, जरीच्या गाठीने बांधलेली.

"उद्या सकाळी ये," राजा म्हणाला. "जीभ चालते तसा हात चालतो का, ते पाहू."

घरी येताच सुभानाने कोयता उचलला. "एकेक तोडूनच टाकतो!"

"भावजी, कोयता खाली ठेवा," वहिनी म्हणाली. "ह्यांनी एकदा छत्री नुसती बाजूला सारली, तर पाठीवर पंचवीस कोरडे ओढले. ज्याचा मान, त्यानेच हात लावायचा. राजाचाच कायदा आहे."

सुभाना थबकला. कोयता कोपऱ्यात टाकला आणि म्हणाला, "वहिनी, दोन घास वाढा. उद्या पुष्कळ बोलायचे आहे."

सकाळी मैदान भरले. भिंतीवर मडके ठेवले. राजा मोजू लागला, "एक! दोन! तीन!"

सुभाना हाताची घडी घालून उभा!

"अरे, हल की! दहा! अकरा!"

"कसा हलू, महाराज? दारूला कुलूप आहे. माझा हात लागला तर पंचवीस कोरडे. कायदा तुमचाच! खजिनदारांना पाठवा."

राजा हट्टी होता, पण स्वतःचा कायदा कसा मोडणार? खजिनदार धावत आला आणि कुलूप उघडून उभा राहिला.

"छत्री आडवी येते. सेनापती, या! पानदान मांडीला बोचते. दिवाणसाहेब, उचला! कोतवाल, घंटा धरा, नाहीतर चोराला आधी कळेल! ज्योतिषीबुवा, पंचांग सांभाळा, ठिणगी उडाली तर पेटेल!"

बघता बघता एका बंदुकीला पाच मानकरी लटकले. सुभानाने दारू हातावर घेतली आणि खिशातून जळती वात ठेवायची डबी काढली. दिवाणाचा चेहरा पांढरा पडला.

"अरे, ही खरंच उडणार?"

"मग काय फुले उधळणार? आणि सवय करून घ्या, दिवाणसाहेब. पेंढारी परवा पुन्हा येणार म्हणतात. खिंडीत तुम्हाला असेच उभे राहायचे आहे. या वेळी तिथे अशा शंभर बंदुका असतील. या बंदुकीवरून त्या बंदुकीकडे पळावे लागेल, एवढेच!"

दिवाणाने झटकन पानदान सोडवले. "हे... हे घरीच बरे दिसेल."

सेनापतीने छत्री उपटली. "उन्हाळ्यात छत्री कशाला?" कोतवालाने घंटा काढून बंडीत लपवली. खजिनदाराने कुलूप किल्लीसकट सुभानाच्या पायाशी टाकले. ज्योतिष्याने पंचांग उघडले आणि पान न वाचताच म्हणाला, "सामान उतरवायला आजच्यासारखा मुहूर्त नाही!"

"साठ! एकसष्ट!" राजा हसू दाबत मोजत होता.

"महाराज, एकच उरले," सुभाना म्हणाला. "गवसणी. ती तुमची आहे."

राजाचे मोजणे थांबले. तो आसनावरून उतरला. जरीची गाठ सुटेना, तेव्हा शेवटी दाताने सोडवली आणि गवसणी हातात घेऊन तिथेच उभा राहिला. सुभानाने दारू ओतली, गोळी टाकली, गजाने ठासली आणि वात लावली. धडाम! मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या.

"पण मी तर काहीही काढायचे नाही म्हणालो होतो!"

"मी कुठे काढले? माझा हात कशालाही लागला नाही. पाहा की!"

राजा खो-खो हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "पोरा, एवढे सोपे होते, तर तुझ्या भावाला का जमले नाही?"

सुभानाने बंदूक खाली ठेवली. "महाराज, त्या दिवशी खिंडीत तो एकटा होता. तुम्ही सहाजण आला नव्हता."

राजाने हातातल्या गवसणीकडे पाहिले आणि ती भुईवर टाकली.

"पाथरवटाला बोलवा," तो म्हणाला. "रायबाचे नाव आजच कोरा, सगळ्यांच्या वर. त्याच्या घरधनिणीला खिंडीखालची दहा बिघे जमीन द्या. आणि सुभाना, आजपासून शस्त्रागार तुझ्या हाती. तुला विचारल्याशिवाय कुणी बंदुकीला दोरासुद्धा बांधायचा नाही!"

दिवाण हळूच पुढे झाला. "महाराज, शोभेपुरती एक छोटीशी घुंगरमाळ तरी?"

"बांधा की, दिवाणसाहेब!" सुभाना म्हणाला. "पण पेंढाऱ्यांसमोर ती वाजवणार कोण?"

दिवाण दोन पावले मागे सरला, आणि राजा असा हसला की डोक्यावरचे पागोटे खाली पडले.