पाठीवरचे वळ

भक्तहो, निंबसर गावात प्लेग शिरला तेव्हा केवलनाथ महाराज तिथेच मुक्कामाला होते. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तशी माणसं माळावर झोपड्या बांधून राहिली. महाराजही त्यांच्याबरोबर गेले. कुणी कुणाकडे जायचं नाही, पोरांना बाहेर सोडायचं नाही, असा यशवंतराव पाटलांचा हुकूम होता.

सगुणा तेलीण महाराजांची निस्सीम भक्त. गाठ येऊनही ती वाचली होती, म्हणून दारोदार पाणी पोचवण्याचं काम तिने मागून घेतलं. पाणी ओतताना तिची नजर लेकरांवर जाई. एकाचा ओठ फाटलेला, दुसरीच्या हातावर चटका. विचारलं की आया म्हणत, "पडलं."

तिला काही चैन पडेना. "महाराज, प्लेगची गाठ काखेत येते, जांघेत येते. मग लेकरांच्या पाठीवर हे वळ कसले? गावात मोकळी हुंदडत होती तेव्हा इतकी पडत नव्हती. आता कोंडून ठेवलीत, तर पडतात कुठं?"

महाराज म्हणाले, "सगुणे, हेच पाटलांना विचार."

पाटलांच्या झोपडीपुढे नवा हुकूम ऐकायला माणसं जमली होती, तिथेच तिने विचारलं. पाटील कडाडले, "इथं माणसं मरतायत, आणि हिला पोरांच्या खरचटण्याची पडलीय!" सगळे हसले. झोपडीच्या दारातून बघणारी पाटलांची लेक गोदी तेवढी हसली नाही.

दुसऱ्या दुपारी सगुणा पाटलांच्या दाराशी पाणी घेऊन गेली. पाटलीणबाई नुकत्याच प्लेगात गेल्या होत्या. गोदी आईसाठी रडत होती, थांबेना. पाटलांनी सरपणातलं लाकूड उचललं. सगुणा ओरडली, "महाराज, धावा!"

लाकूड गोदीच्या डोक्यात बसलं. पोर कोसळली, आणि लगेच उठून बसली. अंगावर ओरखडाही नाही! लाकूड मात्र रक्ताने माखलेलं.

सगुणा गोदीला उचलून महाराजांकडे धावली, मागोमाग पाटील. महाराजांच्या कपाळातून रक्त वाहत होतं. उघड्या पाठीवर वळच वळ, काही ओले, काही काळे पडलेले.

पाटील वाकून वळ न्याहाळू लागले. "महाराज, यातले माझे कुठले?"

"ओळखू येत नाहीत, पाटील. सगळ्या झोपड्यांतले सारखेच दिसतात." मग महाराज सगुणेकडे वळले. "तू विचारत होतीस ना? मरणावर हात उगारता येत नाही गं. मग तो घरातल्या सगळ्यांत लहानावर पडतो."

पाटील पायांवर कोसळणार, तोच महाराजांनी पाय मागे घेतले. "इथं नको. तिथं."

लेकीसमोर पाटलांनी मातीत डोकं टेकलं. "चुकलो गं, पोरी." गोदी सगुणेच्या पदराआड सरकली.

"उठू नका," महाराज हळूच म्हणाले. "तिला यायचं तेव्हा ती येईल."

आणि हुकूम सोडणारे यशवंतराव तसेच, मातीत डोकं टेकून, लेकीची वाट बघत राहिले.