वाकडी वीण

“काळा रंग मारू, मॅट ठेवू, की चकचकीत पारदर्शक लॅकर देऊ?”

मौलाचाचांनी मान वर केली नाही. मिरजेतल्या आपल्या अरुंद दुकानात बसून ते सतारीच्या भोपळ्यावर लाखेच्या चपड्याचं पॉलिश चढवत होते. त्या कामात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हात धुतल्याशिवाय त्यांच्या सतारीला बोट लावायची कुणाला मुभा नव्हती.

दारात इंजिनिअरिंगला असलेली शर्वाणी उभी होती, डोक्यावर मोटारीचं बॉनेट घेऊन. वडिलांच्या जुन्या गाडीसाठी तिनं ते घराच्या गच्चीवर केलं होतं. कार्बनच्या धाग्यांचं विणलेलं कापड साच्यावर अंथरून, रेझिननं भिजवून, तीन महिने खपून.

“तुला कसं हवंय?”

“घरी केलंय असं वाटता कामा नये.”

“मग कुठं केलंस?”

“घरीच...”

चाचा भोपळा घासत राहिले.

गेल्या वर्षी सांगलीच्या मोटार प्रदर्शनात परीक्षकांनी तिनं केलेल्या डिकीच्या झाकणावर एक नजर टाकली होती. “घरगुती दिसतंय,” म्हणून ते पुढं गेले होते. ते दोन शब्द तिला अजून सलत होते.

“काळाच मारते,” ती म्हणाली. “कोपऱ्यात वीण वाकडी गेलीय, ती झाकली जाईल. आणि खरं सांगू चाचा? तुम्हाला सतारीतलं कळतं. मोटारीतलं तुम्ही काय सांगणार?”

“तेही खरंच.”

चाचा उठले. त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं आणि बॉनेटवरून एकदाच फिरवलं.

निस्तेज, राखाडी बॉनेट एकदम जागं झालं. धाग्यांची तिरपी वीण काळीभोर चमकू लागली... आणि कोपऱ्यातल्या वळणावरची ती वाकडी रेघही.

“बघा! लॅकर दिलं की हे असं दिसणार.”

“का वाकली?”

“तिथं बॉनेट वळतं ना. कापड कापून जोड दिला असता तर सरळ राहिली असती.”

“मग कापलं का नाहीस?”

“जोड कच्चा राहतो, म्हणून मी अख्खं...”

ती वाकून त्या वळणाकडं पाहू लागली.

पाणी वाळलं. वीण पुन्हा राखाडी झाली. शर्वाणीनं फडकं उचललं, भिजवलं, आणि या वेळी स्वतः फिरवलं.

त्यानंतर आठ दिवस लॅकरचा एक हात, वॉटर पेपरनं घासणं, पुन्हा एक हात. बोटांची सालं निघाली.

यंदाच्या प्रदर्शनात तेच परीक्षक बॉनेटपाशी थबकले.

“कुठल्या कारखान्यातून करून आणलं?”

शर्वाणीनं मागं उभ्या असलेल्या चाचांकडं पाहिलं. चाचा छताकडं पाहत होते...

“घरी केलंय,” ती म्हणाली. अख्ख्या मंडपाला ऐकू गेलं. “आमच्या गच्चीवर!”

परीक्षक वाकले. वळणावर जोड शोधू लागले. या बाजूनं, मग त्या बाजूनं... जोड नव्हताच.

“अख्खं एकच कापड?” ते पुटपुटले, आणि त्या वाकड्या विणीवरून फिरवायला त्यांनी बोट पुढं केलं.

चाचांनी हात आडवा घातला.

“साहेब, आधी हात धुऊन या.”