शिंपिणीचं "हो हो"

फार जुनी गोष्ट, पाखरं एकमेकांची कामं करून द्यायची तेव्हाची. सागाच्या झाडावर शिंपीण नावाची एक चिमुकली पाखरीण पानं शिवून द्यायची. टाका सुबक, पण काळीज सशाचं. पान गळलं तरी दचकायची आणि वर त्या पानाचीच माफी मागायची.

तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे साळुंकीताई. तिला ढोलीला पानांचा पडदा हवा होता. शिवला, तर म्हणे आखूड. उसवून लांब केला, तर म्हणे, "टाके दिसतात गं!" दर वेळी शिंपीण म्हणायची, "हो हो, ताई." उसवून उसवून पानांची चाळण झाली. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली, आणि अंडी घालायचे दिवस आले तरी शिंपिणीचं स्वतःचं घरटं शिवायचं राहिलंच.

"आता नाही म्हण बाई एकदाचं," शेजारचा सरडा म्हणाला. मग तिने सकाळभर फांदीसमोर 'नाही' म्हणायचा सराव केला, उरलेलं एकुलतं धड पान दुमडून घरटं शिवलं आणि आत जाऊन बसली.

तेवढ्यात साळुंकी आली. "अय्या, हेच पान हवं मला! उसव बघू!"

शिंपिणीने 'नाही' म्हणायला चोच उघडली. पण घाबरून 'नाही'ऐवजी तिने तिथल्या तिथे अंडंच घातलं. मग पंख पसरून ते झाकून बसली.

"म्हणजे माझं काम नाही करणार? मग मी पुन्हा या झाडावर पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते!"

"हो हो, ताई," शिंपीण म्हणाली. निघालं सवयीनेच, पण या वेळी अगदी मनापासून.