न वाढणारी वेणी

"ज्यांच्या डोक्यावर एक केस नाही, त्यांना मी केस कसे राखायचे ते विचारू?"

हंसा मठाच्या पायरीवरच उभी होती. मावशीनं तिला बळेच इथवर आणलं होतं आणि स्वतः मात्र खाली नदीवर पाय धुवायला गेली होती.

भागाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं, डोकं मुंडण केलेलं. तापीकाठच्या त्या लहानशा मठात त्या एकट्याच राहायच्या.

"नको विचारूस," त्या म्हणाल्या. "बस."

हंसा बसली नाही.

"तुम्हाला पूर्वी होते का केस?"

"पोटरीपर्यंत."

"मग कोणी कापले?"

"मीच."

"का?"

भागाईंनी मेथीची एक काडी बाजूला टाकली.

"उकडायचं."

हंसाला हसू आलं नाही. पण ती बसली.

तिची हकिगत मावशीनं आधीच सांगून ठेवली होती. वडील गेल्यापासून घर ओंकारकाकांच्या हातात होतं. काकांनी हंसासाठी एक स्थळ आणलं. पाहुणे चहा घेत असताना हंसा बैठकीत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, मला हा मुलगा नको. पाहुणे उठून गेले. काकांनी तिला अंगणात ओढून नेलं, आळीतली माणसं बघत असताना खाली दाबून धरलं आणि तिची वेणी मानेपासून कापली. आई दारात उभी होती.

त्याच दिवशी हंसा मावशीकडे निघून आली. तिथं तिनं शपथ घेतली. केस पूर्वीइतके लांब होईपर्यंत त्या घरात पाऊल टाकायचं नाही, आणि तोवर केसांना कात्री लागू द्यायची नाही.

त्याला आता तीन वर्षं होत आली होती. केस खांद्याच्या थोडे खाली यायचे आणि तिथंच थांबायचे. उशीवर तुकडे, फणीत तुकडे, ओढणीवर तुकडे. मावशीनं तेलं आणली, माका आणला, जास्वंद वाटून लावली. काही उपयोग झाला नाही.

"विंचरून दाखव," भागाई म्हणाल्या.

केस सकाळीच धुतलेले, अजून ओले होते. हंसानं घट्ट बसवलेलं रबर ओढून काढलं. पिशवीतली फणी घेतली, टाळूवर टेकवली आणि सरळ खाली ओढली. गुंता लागला. तिनं आणखी जोर लावला.

कट्... कट्...

आवाज भागाईंपर्यंत आला.

"कुणाचे विंचरते आहेस?"

"माझे."

"मग इतक्या रागानं?"

हंसाचा हात थांबला.

"मला उपाय सांगा," ती म्हणाली. "राग माझा मी बघीन."

भागाईंनी मान डोलावली. जणू त्यांना हेच उत्तर हवं होतं.

"ओल्या केसाला फणी लावायची नाही. ओला केस ताणला जातो आणि तुटतो. टॉवेलनं खसाखसा पुसतेस ना? ते बंद कर. जुन्या सुती लुगड्यात दाबून पाणी टिपून घे. सुकत आले की आधी नुसती बोटं घाल. मग फणी, तीही टोकाकडून. खालचा गुंता सुटला की थोडं वर. घाई नाही करायची. आणि ते रबर फेकून दे."

"घट्ट बांधले की लवकर वाढतात म्हणतात."

"घट्ट बांधून काय वाढतं?"

उठताना ती पाया पडली नाही, आणि भागाईंनीही वाट पाहिली नाही.

पण त्यानंतर ती येत राहिली. मठात झाडलोट करायची, नदीवरून पाणी आणायची आणि ओट्यावर बसून केस सोडवायची. सुरुवातीला तिला ते जमेना. बोटं अडकली की हात आपोआप हिसका द्यायचा. मग ती दात आवळून पुन्हा टोकापासून सुरू करायची. हळूहळू फणीत केस कमी येऊ लागले. उशी स्वच्छ दिसू लागली.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी ती तरातरा चढून आली.

"तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. तरी बघा, इथंच अडकलेत." तिनं पाठीवर हात मागे नेऊन दाखवलं.

भागाईंनी तिची एक बट उन्हात धरली. टोकं पांढुरकी दिसत होती, प्रत्येक केस टोकाशी फाटून दुभंगलेला.

"ही तुझी जुनी ओढाताण आहे. फाटलेला केस सांधला जात नाही. फाट वर चढत जाते. वरून जेवढा वाढतो तेवढा खालून तुटतो."

"मग?"

भागाई आत गेल्या. कात्री आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

हंसा झटकन मागे सरली.

"ते नाही. माझी शपथ आहे."

"कशी आहे शपथ? नीट सांग मला."

"कात्री लागू द्यायची नाही. आणि पूर्वीइतके झाल्याशिवाय त्या घरात जायचं नाही."

"पूर्वी कुठवर होते?"

"कमरेच्या खाली."

"कमरेच्या खालीच का?"

"कारण तेवढे होते..." हंसा अडखळली. "काकांनी कापले तेव्हा."

"म्हणजे माप त्यांचंच."

...

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

"तुझी आई कुठं असते?"

"त्याच घरात."

"भेटलीस?"

हंसानं मान वळवली. आईचा निरोप दर सणाला मावशीकडे यायचा. एकदाच येऊन जा, म्हणून. आणि दर सणाला हंसा आरशासमोर पाठमोरी उभी राहून केस किती आले ते बघायची, आणि नाही म्हणायची.

तिनं कात्री उचलली.

"किती कापू?"

"मला काय विचारतेस? तुझे आहेत."

फाटलेली टोकं बोटभरच होती. हंसानं केस पुढे घेतले, मुठीत धरले आणि हनुवटीच्या खाली कात्री लावली. भागाईंनी तिला थांबवलं नाही. पहिल्या वेळी मानेवर काकांचा गुडघा होता, श्वास कोंडला होता, कानाशी शिव्या होत्या. या वेळी नुसता लोखंडाचा चरचर आवाज आला. तिनं दुसरी बाजू कापली. मग मान इकडून तिकडे हलवून पाहिली.

"हलकं वाटतं," ती म्हणाली. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं. पुसलं नाही.

थोड्या वेळानं तिनं पिशवीतून फोन काढला आणि भागाईंसमोरच काकांना लावला.

"हंसा बोलतेय. मला घरी यायचंय. उद्या मठावर न्यायला या."

एवढंच बोलून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओंकारकाका जीप घेऊन आले. पांढरा सदरा, चेहऱ्यावर जिंकल्याचं समाधान. पायरी चढून वर आले आणि हंसाकडे बघून जागीच थांबले.

"केस कुठं गेले?"

"कापले."

"कुणी?"

"मी."

काकांना हसू फुटलं.

"म्हणजे शेवटी तूही कापलेसच. मग तीन वर्षं रुसून कशाला बसली होतीस? मी कापले, तू कापलेस. झालं बरोबर."

"तुम्ही कापले तेव्हा माझी मान तुमच्या गुडघ्याखाली होती," हंसा म्हणाली.

काकांचं हसू मावळलं. त्यांनी भागाईंकडे पाहिलं. भागाई तांदूळ निवडत होत्या.

"बरं, ते जाऊ दे," काका आवाज खाली आणून म्हणाले. "आई वाट बघतेय तुझी. पण असं उघड्या डोक्यानं गावात शिरायचं नाही. ओढणी घे वरून. लोक विचारतील."

"विचारू देत. मी सांगीन."

"काय सांगशील?"

"मागच्या वेळचे काकांनी कापले, हे मी कापले."

"हंसा..."

"आणि ते स्थळ तेव्हाही नको होतं, आताही नको. तेही सांगीन. मी आईला भेटायला येतेय, माफी मागायला नाही. रागावून परत पाठवायचं असेल तर आत्ताच सांगा. मी बसनं येईन. पण येईन."

हंसानं खांद्यावरची ओढणी काढली, घडी केली आणि ओट्यावर ठेवली. मग ती भागाईंसमोर वाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. भागाईंनी तिच्या आखूड केसांवरून हात फिरवला.

हंसा पायऱ्या उतरली. जीपचं पुढचं दार उघडून पुढच्या सीटवर बसली. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते. तिनं ते बांधले नाहीत.

काका मात्र ओट्यापाशीच घुटमळले.

"भागाई, तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही तरी सांगा तिला," ते म्हणाले. "आळीतनं जायचंय. सगळी दारात उभी असणार. मी कसं जाऊ तिला अशी घेऊन?"

भागाई उठल्या. ओट्यावरची ओढणी त्यांनी उचलली, झटकली आणि काकांपुढे धरली.

"घ्या. तुम्ही घ्या डोक्यावरून."